निधिनिक्षेपासह

दोन लाख ऐंशी. इसार अकरा हजार.
बाकीचे ग्रॅच्युइटीतून.
भूमच्या रजिस्ट्री कचेरीत वीज गेली होती,
कारकुनानं मोबाईलच्या उजेडात वाचलं:
पूर्वेस गावठाण रस्ता, पश्चिमेस लिंबाजी हाके यांचा गोठा,
दक्षिणेस बोळ, उत्तरेस पडीक,
आतील जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण,
निधिनिक्षेपासह.
निधी म्हणजे? मी विचारलं.
पुरलेलं धन, सिस्टर. सापडलं तर कळवा.
खाजामिया मणियार हसले नाहीत.
अंगठ्याची शाई रुमालाला पुसत
त्याच दुपारच्या गाडीनं वाळूजला गेले, मुलाकडं.

भाऊ म्हणाला, माळवदाखाली झोपणार तू?
किल्लारी विसरलीस?
विसरले नाही. त्या सकाळी ड्यूटीवर होते.
पण किल्लारीनंतर माळवदाला भाव राहिला नाही,
म्हणून तर मला परवडलं.

एकतीस वर्षं क्वार्टरमध्ये काढली.
धारूर, पाटोदा, वाशी, पुन्हा वाशी.
भिंती बांधकाम खात्याच्या.
कॅलेंडरसुद्धा खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेलं.
डोक्यात एकच होतं, आपली भिंत आली की
पहिल्याच दिवशी एक खिळा ठोकायचा
दणादण, कुणाला न विचारता.

हातोडी घेऊन आत शिरले
तर भिंतीला खुंट्याच खुंट्या.
मोजल्या. त्रेचाळीस.
बांगड्यांच्या लडी टांगून टांगून
प्रत्येकीची मान जराशी खाली वाकलेली.
हातोडी कोनाड्यात ठेवून दिली.

झाडताना काच निघते.
हिरवी, जांभळी, एक सोनेरी टिकलीची.
रोज वाटतं संपली असेल.
रोज सुपलीत चार तुकडे.

गाव थेट विचारतं.
येकट्याच का? हितंच कामून?
लाइट जाती, पाणी चौथ्या दिवशी,
मुक्कामाची एसटी बंद होऊन वर्ष झालं.
मी म्हणते, शांत आहे.
आहेच. दुपारी दोन वाजता
हाक्यांच्या म्हशीचं रवंथ भिंतीतून ऐकू येतं.
रात्री तीनला मात्र जाग येते अजून,
कोणीतरी दार वाजवेल, सिस्टर, कळा सुरू झाल्यात,
म्हणून मी उशाशी चप्पल सरळ करून झोपते.
कोणी वाजवत नाही.

मागच्या मंगळवारी गयाबाई ढोले आल्या.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, काठी पायरीला टेकवली,
उंबऱ्याशी बसल्या आणि न बोलता
उजवा हात पुढं केला.
मला कळेना.
हिरव्या नको बाबा आता, त्या म्हणाल्या,
करवंदी भर. सहा-सहा. नातीचं लगीन हाय.
हात माझ्या हातात होता.
मनगट कोरड्या शेंगेसारखं,
आणि माझी बोटं, सांगायच्या आधीच,
अंगठ्याखालच्या त्या जागी जाऊन बसली.
शहाण्णव. मधेच एक ठोका गाळत.
पुन्हा मोजले. पुन्हा गाळला.
किती वेळ लावतूस रं, खाजा?
मावशी, बांगड्या उद्या, मी म्हटलं,
गोळी घेतली का सकाळची?
त्या गप्प. मग आपला हात माझ्या हातावरून फिरवला,
बोटापासून कोपरापर्यंत, सावकाश,
जसं आपण अंधारात कपाट चाचपतो.
बाईमाणूस हाय की गं, म्हणाल्या,
आणि तिथंच बसून राहिल्या चहा होईस्तोवर.

रात्री वाळूजला फोन लावला.
करवंदी रंगाच्या उरल्यात का काही?
कुणाला, आपा?
नाव सांगितलं.
गयाबाई, ते म्हणाले, त्यांचं माप दोन-सहा.
थोडं थांबले.
आता हात बारीक झाला असंल. दोन-चार धाडतो.
ड्रायव्हर ओळखीचा आहे, पैसे नक्कोत.
आणि मग, फोन ठेवता ठेवता,
मागच्या दाराची कडी लागते का हो नीट?

लागते, म्हटलं.
जरा उचलून लावावी लागते.
हां, ते म्हणाले, उचलून.